किती वॅट पुरेत? : अल्पशक्ती प्लाझ्मा आणि लेशमात्र मूलद्रव्यांची मोजणी (प्रस्तावना)

जमिनीत जस्त किती असले म्हणजे पुरे, याचा एक आकडा कृषिरसायनाने ठरवून दिला आहे. डीटीपीए या रसायनाच्या द्रावणात उतरणारे जस्त किलोभर मातीमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी भरले, तर त्या जमिनीत पिकाला जस्ताची उणीव भासणार असे धरतात. लोहासाठी ही मर्यादा साधारण ४.५ मिलिग्रॅम, मँगेनीजसाठी २, तांब्यासाठी ०.२. लिंडसे आणि नॉरव्हेल यांनी १९७८ साली मांडलेली ही पद्धत आज देशभरच्या माती परीक्षण प्रयोगशाळांत चालते. खानदेशात तिचे महत्त्व जरा जास्तच. पहूरहून वाघूर नदीच्या कडेने तापीकडे निघाले की लागणारी काळी जमीन बेसॉल्ट झिजून तयार झालेली आहे. त्या खडकात लोह शेकड्यात मोजण्याइतके असते, आणि तरीही वरच्या केळीची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहू शकतात. चुनखडी वाढली, सामू आठच्या वर गेला, की मातीत असलेले लोह आणि जस्त मुळांना मिळेनासे होते. त्यामुळे मातीत एकूण लोह किती, हा आकडा इथे कुचकामी. द्रावणात उतरलेला थोडासा अंशच कामाचा, आणि तो मोजायला दहा लाख भागांतला एखादा भाग ओळखणारे साधन लागते. शिवाय मृगबागेची लागण जून-जुलैत उरकायची असते. अहवाल ऑगस्टमध्ये हाती पडला तर तो कितीही अचूक असो, त्या हंगामापुरता वाया गेला.

लेशमात्र मूलद्रव्यांच्या विश्लेषणाचा इतिहास बहुतेक पुस्तकांत एकाच मोजपट्टीने सांगितला जातो: किती कमी दिसते. शोधमर्यादा दहा लाखांत एक भाग होती, ती अब्जात एक झाली, मग त्याहून खाली गेली. ही प्रगती खरी आहे. पण तिच्याबरोबर उपकरणाचे वजन, वायूचा खप, वातानुकूलित खोली आणि देखभालीचा खर्चही वाढत गेला, आणि मोजमाप नमुन्यापासून लांब लांब सरकत गेले. प्रस्तुत पुस्तक ज्या उपकरणांविषयी आहे ती या प्रवाहाला आडवी जातात. काही वॅटपासून एकदोनशे वॅटपर्यंतच्या शक्तीवर पेटणारा प्लाझ्मा वापरून मूलद्रव्ये ओळखायची, असा हा खटाटोप आहे. त्याकडे मोठ्या यंत्राची गरिबाघरची नक्कल म्हणून पाहण्याची सवय आहे. ती सवय चुकीची आहे, असे मला या प्रस्तावनेत दाखवायचे आहे. अल्पशक्ती प्लाझ्मामागे एक वेगळा आणि जुना विचार आहे: ऊर्जा नेमकी कोणत्या कामाला लागते हे आधी ठरवा, आणि तिथेच ती खर्च करा.

मूळ तत्त्व साधे आहे. अणूला ऊर्जा दिली की त्याचे इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात आणि परतताना ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. जस्ताची रेषा २१३.९ नॅनोमीटरला, कॅडमियमची २२८.८ला, पाऱ्याची २५३.७ला. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८५९-६० मध्ये हायडेलबर्गला ज्योतीच्या प्रकाशातून हे शास्त्र उभे केले आणि लगेच त्याचा पडताळाही दिला. ड्युर्कहाइमच्या झऱ्याचे चाळीस टनांहून अधिक पाणी आटवून त्यांनी सीझियम वेगळे काढले. लेशमात्र विश्लेषणाची सुरुवात पाण्याच्या नमुन्यापासून झाली, आणि त्या पहिल्याच प्रयोगात सगळे कष्ट प्रकाश पाहण्यापेक्षा पाणी आटवण्यात गेले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या इतिहासात महाराष्ट्राचे नाव निघते ते विजयदुर्गामुळे, आणि तिथे एक दुरुस्ती करणे भाग आहे. १८६८च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे मराठीत वरचेवर छापून येते. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी जान्सेन गुंटूरला होते, लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होते. लॉकियर मात्र इंग्लंडात होते आणि त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गावर ते आले १८९८च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊरला तळ ठोकला होता, आणि या मोहिमेचा अभिमान आपण जास्त बाळगायला हवा. आपल्या विषयाशी हेलियमचा संबंध मात्र खराच आहे. सूर्यात दिसलेली ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेषा कोणत्याही ज्योतीत का उमटत नव्हती? ती उमटायला हेलियमच्या अणूला २३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट द्यावे लागतात, आणि ज्योतीच्या आवाक्यात जेमतेम चार-पाच येतात. हाच हट्टी वायू पुढे अल्पशक्ती प्लाझ्माचे सर्वांत धारदार साधन ठरला.

ज्योतीनंतर विद्युत चाप आणि ठिणगी आली. भारतात या तंत्राची खरी कसोटी तुर्भ्याच्या अणुकेंद्रात लागली. अणुभट्टीसाठी लागणाऱ्या युरेनियममध्ये बोरॉन आणि कॅडमियम दहा लाखांत एका भागाच्याही खाली असावे लागते, कारण ती न्यूट्रॉन गिळतात. अडचण अशी की खुद्द युरेनियमच्या वर्णपटात हजारो रेषा असतात आणि त्या गर्दीत बोरॉनची रेषा हरवते. तोड निघाली ती स्क्रिब्नर आणि मलिन यांच्या १९४६च्या पद्धतीतून. युरेनियमचे सहज न उडणारे ऑक्साइड करायचे, त्यात थोडे वाहक द्रव्य मिसळायचे आणि चाप पेटवायचा. उडून जाणाऱ्या अशुद्धी आधी वर येतात, युरेनियम खाली राहते. बाष्पीभवन हे एक काम आणि प्रकाश काढणे हे दुसरे, ही फारकत इथे पहिल्यांदा ठळकपणे वापरली गेली. अल्पशक्ती प्लाझ्माचे सगळे घराणे याच फारकतीवर उभे आहे, असे मी मानतो. शिष्य गुरूचे नाव क्वचितच घेतात, एवढेच.

१९६०च्या दशकात ग्रीनफील्ड यांनी इंग्लंडात आणि वेंट-फॅसेल यांनी अमेरिकेतल्या एम्स येथे प्रवर्तित युग्मित प्लाझ्मा, म्हणजे आज सगळे ज्याला आयसीपी म्हणतात तो, विश्लेषणासाठी वापरला. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून तो बाजारात आला आणि बघता बघता या क्षेत्राचा राजा झाला. त्याचे गुण निर्विवाद आहेत. एकाच वेळी डझनावारी मूलद्रव्ये, आकड्यांचा प्रचंड पल्ला, आणि नमुना बदलला तरी फारसे न ढळणारे उत्तर. त्याची किंमतही मोजून घ्यावी. २७.१२ किंवा ४०.६८ मेगाहर्ट्झवर एक ते दीड किलोवॅट शक्ती, आणि मिनिटाला पंधरा लिटरच्या आसपास आरगॉन. सात घनमीटरचे सिलिंडर या वेगाने आठ तासही पुरत नाही. त्यावर थंड पाण्याचे यंत्र, धूर ओढणारा पंखा आणि शुद्ध आरगॉनचा न खंडणारा पुरवठा. आयआयटी मुंबईच्या विश्लेषण केंद्रात हे सगळे जमते. तालुक्याच्या ठिकाणी जमत नाही, आणि जमवण्याचा आग्रह धरणे शहाणपणाचेही नाही.

आता मूळ मुद्द्याचा हिशेब करू, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. एक ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे २.६ किलोज्यूल लागतात. ती वाफ फोडून हायड्रोजन-ऑक्सिजनचे सुटे अणू करायचे तर आणखी पन्नासेक किलोज्यूल. म्हणजे मिनिटाला एक मिलिलिटर पाणी प्लाझ्मात ओतून पूर्ण फोडायचे ठरवले, तर नुसत्या पाण्यावर नऊशे वॅट खर्च होतात. त्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम जस्त आहे असे धरू. मिनिटाला एक मायक्रोग्रॅम जस्त आले. त्यातल्या प्रत्येक अणूला ५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट देऊन एकदा चमकवायला किती शक्ती लागेल? एका वॅटचा सुमारे सात हजारावा भाग. प्रत्येक अणू हजार वेळा चमकवला तरी हिशेब वॅटच्या सातव्या भागाच्या वर जात नाही. गुऱ्हाळात बहुतेक सगळे जळण रसातले पाणी आटवण्यात जाते, गूळ होण्यात नाही, तसाच हा प्रकार. मोठ्या प्लाझ्मातही फवाऱ्याचा शंभरातला दोन ते पाच भागच आत पोचतो आणि उरलेला निचऱ्यात जातो. तरी किलोवॅट लागतो, कारण भोवतीचा वाहता आरगॉन तापवायचा असतो आणि ज्योत नमुन्याने डगमगू नये म्हणून शिल्लकही राखायची असते. पाण्याचा बोजा मिनिटाला वीस मायक्रोलिटरवर आणला, तर तेच काम अठरा वॅटमध्ये होते. वाळवण्याचे काम प्लाझ्माबाहेर उरकले, तर ती अठराही वाचतात.

या हिशेबाला दुसरी बाजू आहे ती समतोलाची. मेघनाद साहा यांनी १९२०मध्ये मांडलेले आयनीभवनाचे समीकरण वायू, इलेक्ट्रॉन आणि आयन एकाच तापमानाला आहेत असे धरून चालते. ताऱ्यांना ते लागू पडते, आयसीपीला बऱ्यापैकी लागू पडते. अल्पशक्ती प्लाझ्मात ते मोडते. इथे इलेक्ट्रॉन दहा हजार अंशांच्या वर धावत असतात आणि वायू मात्र हजार-दोन हजारांवर रेंगाळतो. पाठ्यपुस्तकांत याला दोष म्हणून नोंदवतात. मला त्यात सोय दिसते. वायू तापवण्यावर खर्च न करता अणू चमकवण्याइतकी ऊर्जा इलेक्ट्रॉनांकडे राहते. हेलियम वापरला तर त्याचे दीर्घजीवी उत्तेजित अणू १९.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन फिरतात, त्यामुळे क्लोरीन, ब्रोमीन आणि फ्लोरीनसुद्धा बोलू लागतात. दीड किलोवॅटच्या आरगॉन ज्योतीत फ्लोरीन जवळजवळ गप्प राहतो, आणि शंभर वॅटचा हेलियम त्याला बोलता करतो. शक्ती आणि सामर्थ्य एक नव्हे, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

या विचारातून पहिले घराणे निघाले ते सूक्ष्मलहरींचे. १९६५मध्ये मॅककॉर्मॅक, टाँग आणि कुक यांनी असा प्लाझ्मा वायुवर्णलेखाच्या नळीच्या टोकाला बसवला. तिथे नमुना आधीच वायुरूप असतो, पाण्याचा प्रश्नच उरत नाही. १९७६मध्ये नेदरलंड्समधल्या बेनाकर यांनी तांब्याची एक चपटी गोल डबी बनवली. २.४५ गिगाहर्ट्झची लहर आत नेमकी उभी राहावी म्हणून तिचा व्यास नऊ सेंटिमीटरच्या आसपास, खोली सेंटिमीटरभर, आणि मधोमध क्वार्ट्झची बारीक नळी. या डबीने वातावरणाच्या दाबाला हेलियमचा प्लाझ्मा पन्नास-शंभर वॅटवर टिकवून दाखवला. त्याआधी त्यासाठी निर्वात पंप लागे. माँट्रियलच्या म्वाझाँ यांच्या सर्फाट्रॉनने लहर नळीच्या पृष्ठभागावरून चालवली. चीनमध्ये चांगचुनच्या जिलिन विद्यापीठात किन्हान जिन यांनी १९८०च्या दशकात टॉर्चच्या रूपातला सूक्ष्मलहर प्लाझ्मा घडवला. त्याच्या मधल्या पोकळीतून नमुना जातो, म्हणून ओला फवाराही तो बऱ्यापैकी सोसतो. या घराण्याचे सर्वांत यशस्वी अपत्य मात्र घर सोडून गेले. २०११मध्ये ॲजिलंटने बाजारात आणलेले नायट्रोजन प्लाझ्माचे यंत्र घरच्या ओव्हनमध्ये असतो तशाच मॅग्नेट्रॉनवर चालते आणि हवेतून नायट्रोजन काढून घेते. आरगॉनचा खर्च त्याने संपवला हे मोठेच काम. पण ते किलोवॅटचे यंत्र आहे. त्याला अल्पशक्तीच्या यादीत बसवणे म्हणजे फक्त गॅसच्या बिलाकडे पाहून निकाल देणे होय.

दुसरे घराणे मला जास्त मूलगामी वाटते. त्यात फवाराच नाही. गुबकिन यांनी १८८७मध्येच द्रवाच्या पृष्ठभागावर विद्युत दीप्ती पेटवली होती, पण तिचा विश्लेषणासाठी उपयोग करायला १९९३ उजाडले. बुडापेस्टच्या चेर्फाल्वी आणि मेझेई यांनी नमुन्याचे द्रावणच कॅथोड केले. मांडणी जवळून पाहण्यासारखी आहे. काचेच्या उभ्या बारीक नळीतून आम्ल घातलेले पाणी वर येते आणि टोकावरून ओघळते. दोन-चार मिलिमीटर वर टंगस्टनची कांडी. हजार व्होल्टच्या आसपास दाब दिला की मधल्या हवेत जांभळट दीप्ती पेटते. प्रवाह सत्तर-ऐंशी मिलिॲम्पिअर, शक्ती सत्तर वॅटच्या घरात, वायू म्हणून नुसती हवा. पाण्यात चिमूटभर मीठ असेल तर दीप्तीचा बुंधा नारिंगी-पिवळा होतो. वर्णपट पाहावा तर ३०९ नॅनोमीटरला हायड्रॉक्सिलचा जाड पट्टा, ३३७ला नायट्रोजनचा, आणि त्यांच्या अधल्यामधल्या जागेत धातूंच्या रेषा. द्रावणाचा सामू एकच्या आसपास असेल तरच त्या रेषा नीट उमटतात. तटस्थ पाण्यात जवळजवळ काहीच दिसत नाही. असे का होते, यावर पंचवीस-तीस वर्षे वाद चालू आहे. आयनांच्या माऱ्याने पृष्ठभागावरून कण उडतात, विद्युतक्षेत्राने बारीक थेंब सुटतात, की दोन्ही? या पुस्तकाने वाद मिटवल्याचा आव आणला नाही, हे मला आवडले.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात हिफ्टये यांच्या गटाने या मांडणीचा आकार लहान करून शोधमर्यादा खाली आणली, तर क्लेमसनच्या मार्कस यांनी २००१च्या सुमारास मिनिटाला मायक्रोलिटरांत मोजण्याइतका कमी द्रव पुरवणारी आवृत्ती काढली. पोलंडमध्ये व्रोत्स्वाफला पोल आणि यामरुझ यांनी नमुन्यांचे वैविध्य तपासले. आपल्याकडे या घराण्याची शाखा हैदराबादला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तिथल्या संघटन-विश्लेषण केंद्रात शेखर आणि सहकाऱ्यांनी नव्या रचनेची घटिका बनवून २००९मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुढे ॲसिटिक आम्ल मिसळल्यावर पाऱ्याचा संकेत किती वाढतो हे दाखवले. थोडेसे साधे सेंद्रिय आम्ल मिसळून पारा ठळक करणे हा असला स्वस्त उपाय. तो परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

तिसऱ्या घराण्याविषयी, म्हणजे चिपवरचे सूक्ष्मप्लाझ्मा आणि विद्युतरोधी पडद्याआडून होणारा विसर्ग यांविषयी, थोडक्यात आटोपतो. मान्झ यांच्या गटाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी काचेच्या चिपवर हेलियम पेटवला, निमाक्स यांच्या गटाने २००१च्या सुमारास पडद्याआडचा विसर्ग वापरला, आणि कॅनडात वॉटरलूच्या करनॅसिऑस यांनी बॅटरीवर चालणाऱ्या प्लाझ्माचा पाठपुरावा केला. काही वॅटांत चालणारे हे जीव देखणे आहेत आणि नाजूकही. ओला नमुना त्यांना विझवतो, म्हणून मायक्रोलिटरभर थेंब तारेवर वाळवून मग विजेच्या उष्णतेने उडवावा लागतो. ज्यांच्यापाशी नमुनाच कणभर आहे त्यांना हे सोयीचे. पहूरहून अजिंठ्याच्या लेण्यांत गेले की असा प्रश्न भेटतो. चित्रांतल्या हिरव्या मातीचे किंवा काव-गेरूचे मूळ लेशमात्र मूलद्रव्यांवरून शोधता येईल, पण टाचणीच्या टोकाएवढाही रंग खरवडायला कोण परवानगी देईल? उत्सर्जन पद्धतीत नमुना नष्ट होतो, त्यामुळे भिंतींसाठी स्पर्श न करणाऱ्या पद्धतीच योग्य. आधीच गळून पडलेल्या कणांपुरते मात्र हे साधन कामाचे आहे.

आक्षेपांकडे वळतो. त्यातला सर्वांत गंभीर म्हणजे नमुन्यातल्या इतर घटकांचा त्रास. मोठ्या ज्योतीकडे शिल्लक शक्ती असते, लहान ज्योतीकडे नसते. सोडियम-पोटॅशियम आले की ते सहज इलेक्ट्रॉन सोडतात आणि सगळा समतोल सरकवतात. हा आक्षेप खरा आहे, आणि मातीच्या बाबतीत तो कागदावर दिसतो त्याहून बिकट आहे. डीटीपीएच्या अर्कात लिटरमागे सुमारे पंधरा ग्रॅम ट्रायइथॅनॉलअमाइन आणि चारशे मिलिग्रॅम कॅल्शियम आपणच घातलेले असते. दहा ग्रॅम माती वीस मिलिलिटर द्रावणात हलवतात, तेव्हा ०.६ची मर्यादा अर्कात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम होते. म्हणजे जस्ताच्या हजारपटीहून जास्त कॅल्शियम आणि त्यावर सेंद्रिय द्रव्याचा जाड थर. पण याच हिशेबात उत्तराचा अर्धा भाग आहे. ०.३ मिलिग्रॅम म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम. द्रव-कॅथोड पद्धतीची जस्ताची शोधमर्यादा काही मायक्रोग्रॅम ते काही दशक मायक्रोग्रॅम या पट्ट्यात येते. अर्क आम्ल घालून पाचपट पातळ केला, तरी मोजण्याजोगा संकेत उरतो, आणि पातळ केल्याने त्रासही पाचपट उतरतो. उरलेल्यासाठी ज्ञात प्रमाणात जस्त मिसळून पुन्हा मोजायची जुनी पद्धत आहेच. उत्तराचा दुसरा अर्धा भाग मात्र मिळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅडमियमची मर्यादा लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम आहे, शिशाची ०.०१, पाऱ्याची ०.००१. तिथे थेट द्रव-कॅथोड पद्धत काठावर उभी असते. पाऱ्याची थंड वाफ करून, किंवा कॅडमियम आधी गोळा करून, पल्ला गाठता येतो, पण मग साधेपणाचा दावा तेवढ्या प्रमाणात सोडावा लागतो. एकच उपकरण मातीला पुरते आणि पाण्याला अपुरे पडते, यात विरोधाभास नाही. प्रश्न वेगळा, म्हणून साधनाची पात्रताही वेगळी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: नमुने जिल्ह्याला किंवा मुंबईला पाठवा, एक मोठे यंत्र दिवसात शेकडो नमुने उरकते, नमुन्यामागे खर्च कमीच येतो. संख्या मोठी असेल तिथे हे बरोबर आहे, आणि फेब्रुवारी २०१५मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या बारा घटकांत जस्त, लोह, तांबे, मँगेनीज आणि बोरॉन ही पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये आल्यापासून संख्या मोठीच आहे. पण त्या योजनेत बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना धरला होता. केळीच्या एकाच बागेत चुनखडीचा पट्टा कुठून जातो हे त्या जाळीत सापडत नाही. त्यासाठी पाच-सहा नमुने त्याच आठवड्यात मोजून बघावे लागतात, उत्तर संशयास्पद वाटले तर पुन्हा मोजावे लागतात. पुन्हा मोजण्याची सोय हीच जवळच्या साधनाची खरी मिळकत आहे. दूरच्या प्रयोगशाळेचा आकडा आपण मुकाट मान्य करतो, कारण दुसरा मिळवणे परवडत नाही.

उरलेले आक्षेप पर्यायांचे आहेत. अणुशोषण पद्धत बहुतेक माती प्रयोगशाळांत आधीपासून आहे आणि जस्त-लोह-तांबे-मँगेनीज ती उत्तम मोजते. जिथे ती नीट चालू आहे तिथे ती काढून टाकून प्लाझ्मा आणा, असे सांगणारा माणूस विक्रेता तरी असेल किंवा नवशिका. तिच्या मर्यादा म्हणजे मूलद्रव्यागणिक दिवा, ॲसिटिलीनचे सिलिंडर आणि बोरॉनला दुबळा प्रतिसाद. बोरॉनसाठी ॲझोमेथिन-एचची रंगपद्धत स्वस्त आणि पुरेशी आहे, आणि द्रव-कॅथोडही बोरॉनला फारसे बोलते करत नाही, हे कबूल करून टाकलेले बरे. क्ष-किरण प्रस्फुरणाचे यंत्र तर जळगावच्या सराफ बाजारालाही परके नाही. सोन्याचा कस सांगायला ते मिनिटभरात पुरते, नमुना बिघडत नाही. पण ते शेकड्याच्या दुनियेतले यंत्र आहे. लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या पातळीवर, तेही जस्तासारखे धातू पाण्यात विरघळलेले असताना, त्याचा पाड लागत नाही.

मग हा विषय आजच का? कारण प्लाझ्मा लहान होता तरी त्याच्याभोवतीचे सामान मोठे होते. हाताच्या पंजात मावणारा, प्रकाशतंतूने जोडता येणारा वर्णपटमापक नव्वदच्या दशकात मिळू लागला आणि त्याची किंमत उतरत गेली. सूक्ष्मलहरी निर्माण करायला मॅग्नेट्रॉनऐवजी अर्धवाहक पुरू लागले, ते मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे. उच्चदाबाचे स्थिर वीजस्रोत कुठल्याही चांगल्या इलेक्ट्रॉनिक्स कार्यशाळेत बांधता येतात. दुसरीकडे हेलियम महागला, आरगॉनचा खर्च बोचू लागला. तिसरे कारण शिक्षणाचे आहे आणि मला ते सर्वांत वजनदार वाटते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरातल्या एखाद्या महाविद्यालयात मोठे यंत्र आले तरी ते कुलपात राहते, विद्यार्थी काचेतून पाहतो. द्रव-कॅथोडची घटिका तो स्वतः जोडू शकतो, बिघडवू शकतो, सामू बदलून रेषा मावळताना पाहू शकतो. आकडा कुठून येतो हे ज्याने पाहिले आहे तोच त्या आकड्यावर शंका घेऊ शकतो.

या पुस्तकाची मांडणी त्याच दृष्टीने झाली आहे. ते यंत्रांची सूची देत नाही. प्रत्येक स्रोताला तेच तीन प्रश्न विचारते: पाणी कोण वाळवतो, रेणू कोण फोडतो, अणू कोण चमकवतो; आणि या प्रत्येक कामावर किती शक्ती जाते हेही मोजते. गणित पदवीच्या वर्गाला झेपेल इतके आहे, पण टाळलेले नाही. मातीचा अर्क आणि विहिरीचे पाणी ही दोन उदाहरणे शेवटपर्यंत सोबत चालतात. वस्तुमानमापनाशी जोडलेले प्लाझ्मा आणि लेझरने पेटवलेले प्लाझ्मा जाणूनबुजून वगळले आहेत. त्यांना स्वतंत्र पुस्तक लागेल, आणि घाईत उरकलेल्या दोन प्रकरणांपेक्षा ते बरे. खरेदीचा सल्ला इथे मिळणार नाही. जिथे अल्पशक्ती प्लाझ्मा हरतो तिथे तो का हरतो, हे मात्र पानोपानी आढळेल.

एक सूचना प्रस्तावनेतच द्यायला हवी, कारण परिशिष्टापर्यंत वाचक पोचतोच असे नाही. सत्तर वॅट हा शब्द ऐकायला निरुपद्रवी असला तरी द्रव-कॅथोडच्या कांडीवर हजार व्होल्ट असतात, खाली ओघळणारे पाणी आम्लयुक्त आणि विजेचे वाहक असते, आणि दीप्तीतून अतिनील किरण, ओझोन व नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. पुस्तकातल्या आकृतीत प्रवाह रोखणारा रोध, झाकण उघडताच वीज तोडणारा खटका आणि निचऱ्याचे वेगळे भांडे दाखवले आहे. आकृतीतली बाकी कोणतीही गोष्ट हाताशी असेल त्या सामानात भागवता येईल. या तीन गोष्टींशिवाय स्विच दाबू नये, आणि पहिल्यांदा जोडणी करताना उच्चदाबाचे काम केलेला माणूस शेजारी असावा.